परदेशात असताना पुण्यातल्या बंद घरात चोरी झाली तर विम्याचे पैसे मिळतात का?

मेघना_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,
नवऱ्याला कंपनी दोन वर्षांसाठी म्युनिकला पाठवते आहे, मी आणि लेक पण जाणार. कर्वेनगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा नाहीये, कारण सासूबाई सांगलीहून अधूनमधून येतात, त्यांचे डोळ्यांचे आणि गुडघ्यांचे डॉक्टर इथलेच. म्हणजे फ्रिज, टीव्ही, कपाटं, देवघरातली चांदी सगळं जागच्या जागी आणि दाराला महिनोन्महिने कुलूप. आमच्याच रस्त्यावरच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत दोन फ्लॅट फोडले, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

होमलोन घेताना बँकेने घराची एक पॉलिसी दिली होती. त्यात चोरी येते का? आम्ही तिकडे असताना झाली तर येते का? आणि तिकडे नेलेला लॅपटॉप, कॅमेरा, चार दागिने तिकडे चोरीला गेले तर ही पॉलिसी चालते की तिकडची वेगळी घ्यायची? एजंटला विचारलं तर म्हणाला, मॅडम सगळं कव्हर आहे, बिनधास्त जा. मला मात्र काही बिनधास्त वाटत नाहीये. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

सदाशिवपेठी_सतीश

एजंट तोंडी जे बोलतो ते क्लेमच्या वेळी कोणी धरत नाही. हेच त्याच्याकडून ईमेलवर मागा, पॉलिसी नंबरसकट.

नानासाहेब_क्लेमखाते

मेघनाताई, जनरल इन्शुरन्समध्ये क्लेम खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बँकेची पॉलिसी २०२१ नंतरची असेल तर ती बहुतेक भारत गृह रक्षा असणार. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ही एक ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावीच लागते. पॉलिसी चांगली आहे, आग, भूकंप, पूर, वीज, वादळ, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं त्यात आहे. पण चोरीबद्दल तिच्यात एवढंच आहे की यातली एखादी आपत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ ७ दिवसांच्या आत चोरी झाली तर भरपाई मिळेल. म्हणजे पूर आला, तुम्ही घर सोडून गेलात, मागे कोणी सामान उचललं, तर मिळेल. भर दुपारी कोणी कुलूप तोडून आत शिरला तर या पॉलिसीत एक रुपया मिळत नाही.

लोकांची गफलत कुठे होते सांगतो. या पॉलिसीत घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कव्हर यादी न देता मिळतं. कागदावर 'सामान १० लाख' दिसलं की माणूस समजतो चोरी पण आलीच. सामान आगीपासून कव्हर असणं आणि चोरीपासून कव्हर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरीसाठी बर्गलरीचं (घरफोडीचं) कव्हर वेगळं घ्यावं लागतं, किंवा हाउसहोल्डर्स पॅकेज घेतलंत तर त्यात तो सेक्शन असतो.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बर्गलरीच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांच्या वर (काहींत ६०) बंद राहिलं आणि कंपनीला कळवून तसं एन्डोर्समेंट (पॉलिसीत लेखी नोंद) करून घेतलेलं नसेल तर कव्हर थांबतं. प्रीमियम भरलेला असतो, पॉलिसी चालू दिसते, आणि नेमकी चोरी झाली की हे कलम पुढे येतं. परदेशी जाणाऱ्या माणसाने पहिलं ते कलम शोधावं.

मेघना_कर्वेनगर

बाप रे. नानासाहेब, मनापासून आभार, आत्ताच फाइल काढली, वर भारत गृह रक्षा असंच लिहिलंय!! म्हणजे सोसायटीतले ते दोघं आता पैसे मिळतील म्हणून बसलेत त्यांचं पण असंच असेल का.

प्राजक्ता७७

+१, हे मला पण माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला.

सहकारनगरचा_सुहास

आमच्या घरी झालेलं लिहितो, थोडं मोठं होईल.

मी तेव्हा सिंगापूरला होतो, आईबाबा माझ्याकडे आले होते, सहकारनगरचं घर बंद. शेजारच्या काकूंना सकाळी सेफ्टी दरवाजा अर्धवट उघडा दिसला, कडी-कोयंडा उचकटलेला. त्यांनी आधी पोलिसांना फोन केला आणि मग मला, आणि आत कोणालाही जाऊ दिलं नाही, यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे, कारण पंचनाम्यात कोयंड्यावरच्या कटावणीच्या खुणा व्यवस्थित आल्या. मामेभाऊ धायरीहून आला, त्याने फिर्याद दिली. मालकच हजर पाहिजे असं काही नसतं, ज्याला माहिती आहे तो कोणीही एफआयआर नोंदवू शकतो.

पण त्याला काय माहीत कपाटात काय होतं? त्याने टीव्ही, आईचे रोज वापरायचे कानातले आणि थोडी रोकड एवढंच लिहिलं. आई परत आल्यावर एकेक डबा उघडत गेली तसं कळत गेलं, देवघरातलं चांदीचं ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजनं, अत्तरदाणी, गुलाबदाणी गेलेली, बाळकृष्ण तेवढा जागेवर. हे सगळं आम्ही पुरवणी जबाबात लिहून दिलं. हा शब्द सगळ्यांनी लक्षात ठेवा, पुरवणी जबाब. पहिल्या फिर्यादीत नसलेल्या वस्तू नंतर कळल्या तर पोलिसांत पुरवणी जबाब द्यायचा आणि त्याची प्रत विमा कंपनीला द्यायची, नाहीतर सर्व्हेअर (विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला माणूस) म्हणतो एफआयआरमध्ये नाही तर गेलंच नाही.

मग पुरावा. ताम्हन आजीच्या लग्नातलं, त्याची पावती कुठून आणणार? आईने सत्यनारायणाचे आणि माझ्या मुंजीचे फोटो काढले, त्यात चौरंगावर ताम्हन, समोर समया, आत्याच्या हातात गुलाबदाणी सगळं स्पष्ट. सर्व्हेअर चांगला माणूस होता, त्याने फोटोंवरून अंदाजे वजन धरून चांदीचं मान्य केलं. रोकड मिळाली नाही, आमच्या पॉलिसीत रोख रक्कम वगळलेलीच होती.

प्राजक्ता७७

म्हणजे दरवर्षी सत्यनारायण घालायचा आणि फोटो जपून ठेवायचे, पुण्यही आणि पुरावाही :)

सहकारनगरचा_सुहास

@प्राजक्ता, आई अगदी हेच म्हणते. आता ती पूजेच्या आधी चांदी मांडून वेगळा फोटो काढायला लावते, मागे त्या दिवशीचा पेपर ठेवून.

रोखठोक_रवी

मी जरा वेगळं मत मांडतो. वर्षानुवर्षं प्रीमियम भरायचा, मग बंद घराचं कलम, रोकड नाही, पावती नाही, घसारा (वापराने घटलेली किंमत) वजा, हातात काय येतं? त्यापेक्षा तेच पैसे चांगला दरवाजा, दोन लॅच, कॅमेरे यांत घाला आणि सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. चोरी होऊच द्यायची नाही.

औंधकर_अदिती

@रवी, दरवाजाचं पटलं, तो तर हवाच. पण लॉकर म्हणजे विमा नाही हो. लॉकरमध्ये काय ठेवलंय ते बँकेला माहीतच नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांप्रमाणे, १ जानेवारी २०२२ पासून, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यातून नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट एवढीच. भाडं ४००० असेल तर ४ लाख. आजच्या भावात ४ लाखांत किती सोनं येतं ते बघा आणि लॉकरमध्ये सासूबाईंचं, आईचं, स्वतःचं मिळून किती आहे ते बघा. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीला तर सहसा बँक बांधीलच नाही. लॉकरमधल्या दागिन्यांसाठी काही विमा कंपन्या वेगळं कव्हर देतात, ते विचारा.

आणि परदेशी जाणाऱ्यांनो, लॉकरचं भाडं थकवू नका. सलग तीन वर्षं भाडं भरलं नाही तर बँक रीतसर नोटिसा देऊन लॉकर फोडू शकते. नोटीस येते बंद घराच्या पत्त्यावर, ती कोण वाचणार? खात्यातून आपोआप कापायची सूचना देऊन ठेवा आणि जॉइंट नाव किंवा नॉमिनी लावा.

रोखठोक_रवी

१०० पटीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी लॉकर घरापेक्षा बरा हे मी सोडणार नाही.

औंधकर_अदिती

बराच आहे, त्याबद्दल वादच नाही.

श्टुटगार्टची_शमा

मेघना, म्युनिकचं मी सांगते, बरीच वर्षं इकडे आहे.

तुमची पुण्याची पॉलिसी इथल्या घरातल्या सामानाला लागू नाही. इथे हाउसराट-फरझिशरुंग म्हणून घरसामानाचा विमा असतो, भाडेकरू पण घेतात, घेतलाच पाहिजे असा कायदा नाही पण आल्याआल्या घे. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, तुझ्या लॅपटॉपशी त्याचा काही संबंध नाही. विम्याची रक्कम घराच्या चौरस मीटरवर काढतात, बऱ्याच ठिकाणी दर चौरस मीटरला ६५० युरो धरले की रक्कम कमी पडली म्हणून ते पैसे कापत नाहीत.

यात घरफोडी येते, दरोडा येतो. पण ट्रेनमध्ये बॅग उचलली, कॅफेत खुर्चीवरून फोन गेला, ही साधी चोरी झाली, ती मूळ पॉलिसीत सहसा येत नाही. सायकलचं तर खास बघ, स्टेशनबाहेर लावलेली सायकल गेली तर वेगळी जोडणी घेतलेली असेल तरच पैसे मिळतात, आणि इथे लेकीची सायकल शाळेबाहेरून जाणं फारच कॉमन आहे.

खिडकी! इथल्या खिडक्या वरून तिरक्या उघडता येतात, आपण हवा येऊ दे म्हणून तशाच ठेवून बाहेर पडतो. तळमजल्यावर तशी खिडकी ठेवून गेलात आणि चोर तिथून आला तर निष्काळजीपणा म्हणून पैसे कापू शकतात. पॉलिसी घेतानाच गंभीर निष्काळजीपणा असला तरी पूर्ण देऊ असं कलम असलेली घे. आणि चोरी झालीच तर गेलेल्या वस्तूंची यादी, तिला इथे श्टेलगुटलिस्ट म्हणतात, पोलिसांना आणि विमा कंपनीला दोघांनाही लगेच द्यायची, यादीला उशीर केला तर क्लेम अडकतो.

अजून एक, सुट्टीत पुण्याला आलात की इथलं घर बंद. ६० दिवसांपर्यंत सहसा चालतं, त्याच्या वर राहणार असाल तर कंपनीला कळवायचं.

मेघना_कर्वेनगर

शमाताई, किती उपयोगी! आणि तिकडून आम्ही सुट्टीला पुण्यात आलो, कॅमेरा इथे चोरीला गेला तर?

श्टुटगार्टची_शमा

तात्पुरतं बाहेर नेलेलं सामान जगात कुठेही कव्हर असतं, साधारण तीन महिन्यांपर्यंत आणि विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत, पण तिथेही कुलूप फोडून किंवा जबरदस्तीने नेलं तरच. तुमच्या कर्वेनगरच्या घरात कायम असलेला फ्रिज मात्र त्यात येत नाही.

न्यूजर्सीचा_निखिल

अमेरिकेचं पण लिहून ठेवतो, हा धागा पुढे बरेच जण वाचतील. इथे भाड्याने राहत असाल तर रेंटर्स इन्शुरन्स, महिन्याला फार पैसे लागत नाहीत, बरीच अपार्टमेंटं सक्तीच करतात. त्यातलं सामान घराबाहेर, अगदी दुसऱ्या देशात असलं तरी कव्हर असतं, मात्र तुमच्या दुसऱ्या घरात नेहमीच ठेवलेलं सामान असेल तर सहसा सामानाच्या रकमेच्या १० टक्के किंवा १००० डॉलर यातलं जे जास्त तेवढंच.

पण खरी मेख दागिन्यांत आहे. प्रचलित फॉर्ममध्ये दागिन्यांच्या चोरीला एकूण १५०० डॉलरची मर्यादा असते, रोख रकमेला २०० डॉलर. तुमचं सामान ५० हजार डॉलरला इन्शुअर असलं तरी मंगळसूत्र, पाटल्या, तोडे सगळं मिळून १५०० च. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना इथे नीट माहीत झालंय, भारतीय घरं हेरून केलेल्या घरफोड्या अनेक राज्यांत झाल्यात. त्यामुळे दागिने आणायचेच असतील तर व्हॅल्युएशन करून प्रत्येक डाग नावानिशी पॉलिसीत चढवून घ्या, त्याला वेगळा प्रीमियम असतो आणि बहुतेक वेळा डिडक्टिबल (आपल्या खिशातून सोसायचा हिस्सा) लागत नाही. माझ्या बहिणीचं म्हणणं, खोटे दागिने घालून दिवाळीला या, फोटोत कोणाला कळतंय. मला तर ते पटलंय.

लेस्टरची_लीना

इंग्लंडमध्ये पण तसंच. दिवाळीच्या आसपास पोलीस आशियाई कुटुंबांना सोनं घरात ठेवू नका म्हणून दरवर्षी सांगतात. आणि मुलं शिकायला येऊन शेअर्ड घरात राहतात त्यांनी बघावं, बऱ्याच पॉलिसींत तुमच्या खोलीच्या दाराला स्वतंत्र कुलूप असलं आणि ते फोडल्याच्या खुणा असल्या तरच चोरी धरतात. हाउसमेटच्या पार्टीत लॅपटॉप गेला तर काही मिळत नाही.

कोथरूडचा_केदार

मुलांवरून विचारतो, लेक सप्टेंबरमध्ये एमएसला चाललीय, तिचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, त्यात बॅगेज आहे की. तो नाही का पुरत?

न्यूजर्सीचा_निखिल

नाही दादा. त्यातलं बॅगेज म्हणजे मुख्यतः विमान कंपनीकडे चेक-इन केलेली बॅग हरवली किंवा उशिरा आली तर. खोलीतून लॅपटॉप गेला तर त्याचा सहसा उपयोग नाही. तिथे पोचल्यावर रेंटर्स घ्यायला सांगा, रूममेटच्या पॉलिसीत आपोआप तिचं नाव येत नाही, स्वतःची पाहिजे.

वकील_वैशाली

थोडं कायद्याचं, कारण मेघनाताईंच्या केसमध्ये हे लागणार आहे. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणार आहात का?

मेघना_कर्वेनगर

हो, समोरच्या कुलकर्णीकाकूंकडे एक आणि कामवाल्या मावशींकडे एक, त्या पंधरा दिवसांनी येऊन झाडलोट करतील असं ठरवलं होतं.

वकील_वैशाली

मग वाचा. बर्गलरीची व्याख्या बहुतेक पॉलिसींत 'बळाचा वापर करून घरात शिरून किंवा बाहेर पडून केलेली चोरी' अशी असते. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात म्हटलंय की पॉलिसीत अशी व्याख्या असेल तर तीच लागू, दार-कुलूप फोडलेलं नसेल तर नुसती चोरी त्यात बसत नाही. म्हणजे किल्लीने दार उघडून कोणी सामान नेलं तर बर्गलरीचा क्लेम टिकणं फार अवघड. त्यासाठी 'थेफ्ट' किंवा 'लार्सनी' असा (साध्या चोरीचा) वाढीव भाग घ्यायचा. त्यातही घरचे लोक किंवा नोकर गुंतलेले असतील तर बऱ्याच पॉलिसी वगळतात, ते कलम आहे का बघा. मावशींवर अविश्वास दाखवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण किल्ल्या जितक्या कमी तितकं सगळ्यांच्याच डोक्याला बरं, मावशींच्या सुद्धा. चोरी झाली की पोलीस पहिली चौकशी किल्ली कोणाकडे होती याचीच करतात आणि त्या बाईंना विनाकारण त्रास होतो.

दुसरं, वेळ. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) ऑनलाइन फिर्याद देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते, त्यामुळे तुम्ही म्युनिकला असाल तर इथल्या नातेवाइकाने जाऊन देणं जास्त सोपं. एफआयआर लगेच झाली पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीचोरीच्या प्रकरणात सांगितलंय की एफआयआर लगेच केली असेल तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या एकाच कारणाने क्लेम नाकारता येणार नाही. तरी उशीर करू नका, त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा.

सहकारनगरचा_सुहास

आणि 'अ समरी'. आमचा क्लेम सगळ्यात जास्त याच्यासाठी रखडला. चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात अहवाल देतात की गुन्हा खरा आहे पण तपास लागला नाही, तो अ समरी. विमा कंपनीने पैसे देण्याआधी तो कागद मागितला आणि तो मिळवायला मामेभावाने चौकीच्या किती चकरा मारल्या त्यालाच माहीत. भाऊ पुण्यात नसता तर मला नोकरी सोडून यावं लागलं असतं.

मिसिंगलिंक

नंतर चोर सापडला आणि ताम्हन परत मिळालं तर? पैसे परत करायचे?

नानासाहेब_क्लेमखाते

हो, क्लेम घेताना तुम्ही त्या वस्तूवरचा हक्क कंपनीला लिहून देता. मुद्देमाल सापडला की कंपनीला कळवायचं. आजीचं ताम्हन असेल तर कंपनीला भरपाई परत करून ते आपल्याकडे ठेवू द्या म्हणून विनंती करता येते, माझ्या नोकरीत अशी विनंती मान्य झालेली बघितली आहे.

आता वर कोणी घसाऱ्याचं म्हणालं त्यावर. घसारा असतोच, सात वर्षं जुन्या टीव्हीचे नव्याचे पैसे हवे असतील तर तसं कव्हर मागावं लागतं. पण त्याहून मोठं नुकसान कमी रकमेचा विमा घेतल्याने होतं. समजा घरात १० लाखांचं सामान आहे आणि प्रीमियम वाचवायला तुम्ही बर्गलरी ५ लाखांची घेतलीत. चोरी २ लाखांची झाली तर हातात येणार १ लाख, कारण निम्म्याच सामानाचा विमा होता असं धरतात. भारत गृह रक्षेत हे कापणं नाही, पण बर्गलरीत असू शकतं. घरात सगळंच एकदम चोरीला जात नाही म्हणून 'फर्स्ट लॉस' पद्धतीने (एका चोरीत जास्तीत जास्त जाईल तेवढ्याच रकमेची) घेता येते का ते विचारा.

आणि घर 'बंद' म्हणजे काय यावर आमच्याकडे फार वाद व्हायचे. सासूबाई येऊन चार रात्री राहिल्या तर घर वापरात होतं असं म्हणता येतं, मावशी झाडून गेल्या तर नाही. सर्व्हेअर महावितरणचं बिल मागतो. सहा महिने युनिट जवळपास शून्य आणि तुम्ही म्हणताय सासूबाई राहत होत्या, तर तिथेच अडकलात. सासूबाई आल्या की तारखा वहीत लिहायला सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी त्याच तारखांची असेल तर उत्तमच.

बिबवेवाडीकर

अवांतर: सोसायटीचा विमा असतो ना, त्यातून नाही का मिळत? आमचे चेअरमन तर म्हणतात सोसायटीचा पूर्ण विमा आहे.

नानासाहेब_क्लेमखाते

तो इमारतीचा, लिफ्ट-पंप-टाकीचा. तुमच्या फ्लॅटमधलं सामान त्यात नसतं. वॉचमन झोपला होता म्हणून सोसायटीने भरून द्यावं असंही सहसा होत नाही, पण सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज त्याच दिवशी लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं.

बिबवेवाडीकर

आमच्या वॉचमनपेक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जास्त लक्ष ठेवतात, कुरिअरवाल्याला पण नाव-गाव विचारून सोडतात. त्यांचाच विमा काढला पाहिजे :)

प्राजक्ता७७

क्लेम नाकारला तर कुठे जायचं ते पण कोणी लिहा.

वकील_वैशाली

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. त्यांचं पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही (मी वकील असून सांगतेय), ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. त्याच वेळी ग्राहक आयोगात केस चालू असेल तर मात्र लोकपाल घेत नाहीत.

सहकारनगरचा_सुहास

लोकपालांचा अनुभव माझ्या मावसबहिणीचा चांगला आहे, आरोग्य विम्याच्या केसमध्ये. शांतपणे ऐकून घेतलं, कागद बघितले.

मेघना_कर्वेनगर

मंडळी, अपडेट देते. तुम्ही सांगितलं तसं एजंटला ईमेल केला, दोनदा आठवण केल्यावर कंपनीचं उत्तर आलं. बँकेच्या पॉलिसीत घरफोडी नाही, स्पष्ट लिहिलंय. बर्गलरी वेगळी देतात, थेफ्टसकट. घर बंद राहणार हे सांगितल्यावर ते म्हणाले सलग ९० दिवसांपर्यंतचं एन्डोर्समेंट देऊ, अट अशी की दाराला सेफ्टी डोअर आणि दोन कुलपं हवीत. हे सगळं ईमेलवर घेतलंय.

मग घरात बसून ठरवलं. सासूबाई दर दोन महिन्यांनी येणारच आहेत, त्यांना वही दिली, त्या फार उत्साहात आहेत, पहिलं पान आधीच भरून ठेवलंय. दागिने तिकडे न्यायचे नाहीत, मंगळसूत्र सोडून. बाकी लॉकरमध्ये आणि त्याचं वेगळं कव्हर. कॅमेरा-लॅपटॉपसाठी तिकडे गेल्यावर शमाताईंनी सांगितलं ते हाउसराट. देवघरातली चांदी सासूबाई सांगलीला नेतायत. रविवारी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, कपाटं उघडून, टीव्ही-फ्रिजच्या मागचे सीरियल नंबर दिसतील असे. बांगड्यांवरचे सहा अक्षरी हॉलमार्क नंबर लेकीने भिंगातून वाचून वहीत लिहिले.

मावशींची किल्ली काढून घेतली नाही, द्यायचीच नाही असं ठरलं, सासूबाई येतील तेव्हाच त्या येतील. त्यांना कारण सांगितलं तर म्हणाल्या बरं झालं ताई, मलाच धाकधूक होती.

एक शेवटचं, चुलतदीर पुण्यात आहेत, क्लेम वगैरे त्यांनी बघायचा तर त्यांना साधं पत्र दिलं तर चालेल का?

नानासाहेब_क्लेमखाते

फार नीट केलंत ताई. क्लेम कळवायला, सर्व्हेअरला घर दाखवायला, कागद द्यायला सहीचं अधिकारपत्र सहसा चालतं, कंपनीला आत्ताच विचारून त्यांचा नमुना घ्या. क्लेम फॉर्मवर आणि शेवटच्या डिस्चार्ज व्हाउचरवर (हिशेब मिटल्याच्या पावतीवर) मात्र पॉलिसीधारकाची सही मागतात. तुम्ही अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागतं, त्यामुळे पॉलिसीत नव्या खात्याचा तपशील बदलून घ्या, नाहीतर मंजूर झालेला पैसा खातं जुळत नाही म्हणून परत जातो.

वकील_वैशाली

मी म्हणेन इथे असतानाच दिरांच्या नावे मर्यादित अधिकारांचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून जा, घर, पोलीस, विमा आणि महावितरण एवढ्यापुरतं. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर म्युनिकच्या भारतीय वकिलातीत सही-शिक्का घ्या, कागद इकडे पाठवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा, एवढं सगळं करावं लागतं. इथे एका सकाळीत होतं.

मेघना_कर्वेनगर

शुक्रवारची वेळ घेतली. दीर येतायत.